घरीच असायचो की

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असूनही आज स्त्री अभ्यासाच्या तासाला जाऊन बसले. मॅडमनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले: २९९ आणि ९७. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणातले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी मिनिटं, आणि पुरुषांची. जीडीपीत हे धरत नाहीत, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, एवढंच.

मग त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग लावलं. आवाजामागे दगडाची घरघर. साहित्यवाले यात कविता ऐकतात, इतिहासवाले पुरावा शोधतात. मला आज पहिल्यांदा त्यातले श्रम ऐकू आले. अंगावर काटा आला.

संध्याकाळी आजीला फोन केला. "दळायला कधी उठायचीस गं?"

"कोंबडा आरवायच्या आधी. पण आम्ही काम कुठं करायचो बाळा, घरीच असायचो की."

वहीत तस्संच उतरवून ठेवलंय.