बंबाचं झाकण

भाचीच्या लग्नाच्या याद्या करायला गेल्या रविवारी बोरिवलीला गेलो होतो. अशा बैठकीत मामाला मान असतो, काम नसतं. हॉल कुणाचा, मानपानाच्या साड्या किती, गुरुजी कुणाकडचे, हे सगळं दोन्हीकडच्या बायकांनी फोनवर कधीच ठरवलेलं असतं. पुरुषांनी ते कागदावर उतरताना अधूनमधून घसा खाकरायचा, एवढंच. चहा दुसऱ्यांदा आला तेव्हा माझी नजर सोफ्यामागच्या भिंतीवर गेली. तिथे मुंबईचा जुना नकाशा फ्रेम करून लावला होता.

हा नकाशा तुम्हीही पाहिलेला असणार. चहात बुडवून वाळवल्यासारखा कागद, कोपऱ्यात दिशा दाखवणारं चक्र, आणि मधोमध सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. वरणफळांसारखी सुटी सुटी तरंगणारी.

नकाशा दिसला की त्यात आपलं घर शोधायचं, ही माझी जुनी खोड. लहानपण हिंदमातेजवळच्या चाळीत गेलं. परळच्या बेटावरून नजर खाली सरकवत आलो, तर आमची चाळ पाण्यात. त्यात नवल काही नाही. जुलैत दोनदा तरी तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत पाणी शिरायचं. धान्याचे डबे कॉटवर, कॉटवरची माणसं टेबलावर, आणि आजी पाय वर घेऊन पाटांच्या ढिगावर. "माहेरपणाला आलंय रे," म्हणायची, "दोन दिवस राहील नि जाईल." आता डोंबिवलीला असतो. ती फ्रेमच्या बाहेर, खिडकीच्या पडद्यावर कुठेतरी येईल. पण ज्या भिंतीवर नकाशा टांगलाय ती बोरिवलीसुद्धा त्यात नव्हती. ती साष्टीत, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटावर.

आणि इथेच मला एकदम हसू आलं. कारण साष्टीवरून जे भांडण झालं, तेही याद्यांचंच होतं.

मुंबई आंदणात गेली हे शाळेत सगळेच शिकतो. 1661 सालचा तह, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. पुढची मजा मात्र शाळेत सांगत नाहीत. ठरलेली रोख रक्कम मुलीकडच्यांपाशी पुरती नव्हती, म्हणून काही भाग साखर आणि इतर मालाच्या रूपात लावून दिला. लग्न 1662 साली लागलं, नवरी सासरी नांदायला लागली, तरी मुंबईचा ताबा काही मिळेना. तो घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला इथल्या पोर्तुगीजांनी उतरूच दिलं नाही. तो बिचारा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला आणि तिथेच आजारपणात गेला. त्याचे बहुतेक शिपाईही गेले. शेवटी 1665 च्या फेब्रुवारीत त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याच्या हाती बेट पडलं.

तर इंग्रज म्हणतात, हे एवढंसंच? आम्हाला नकाशा दाखवला होता, त्यात ठाणे आणि साष्टी मुंबईतच होती. पोर्तुगीज म्हणतात, छे, नुसतं बेट ठरलं होतं. बरं, नकाशा काढा. तर नकाशाच सापडेना! इंग्लंडचे चॅन्सेलर क्लॅरेंडन यांची तर मुंबई ब्राझीलच्या आसपास आहे अशी समजूत होती म्हणतात. त्यांच्या कपाटात नकाशा मिळाला असता तरी त्यांनी तो कोणत्या बाजूने धरला असता, देव जाणे.

कुकसाहेबाने मग माहीमही घेतलं. का, तर ओहोटीला मुंबईतून माहीमला पायी जाता येतं, म्हणजे ते एकच बेट. यावर पोर्तुगीज व्हाइसरॉयने लिसबनला कळवलं, की हा न्याय लावला तर वांद्र्याहून वसईपर्यंतही चालत जाता येतं, उद्या तेही मागतील. आमच्या आजोबांनी अगदी याच सुरात लिहिलं असतं.

आणि कुकचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती सुटी सुटी सात बेटं बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेची. प्रत्यक्षात मधे चिखल, खाजण, ओहोटीला गुडघाभर पाणी. तुडवून आल्यावर पाय धुवायचे, म्हणून पायधुनी. पण चिखलाला कोण फ्रेम करणार?

राजाला मात्र या आंदणाचं काही सुख नव्हतं. 1668 साली त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला 10 पौंड भाड्याने. साष्टी इंग्रजांना मिळाली ती 1774 साली. तीही मुलीकडच्यांकडून नव्हे. ते केव्हाच बाजूला झाले होते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 साली साष्टी मराठ्यांकडे आली होती, 1739 साली वसईही पडली. इंग्रजांनी ती मराठ्यांकडून घेतली. यादीतला जिन्नस 113 वर्षांनी, तिसऱ्याच्याच घरातून उचलून नेला.

"मामा, पाणी तापवायचं काय ठरवता?" व्याह्यांनी विचारलं. म्हणजे हॉलवर पहाटेच्या आंघोळीसाठी गिझर पुरतील का, असा प्रश्न होता. मी मात्र बंबापाशी पोचलो.

आत्याच्या याद्यांत "तांब्याचा बंब, एक" असं आजोबांनी मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलं होतं. बंब गेला. झाकण त्या दिवशी कल्हईवाल्याकडे होतं, ते राहिलं. सासरच्यांनी निरोप पाठवला, झाकण मुद्दाम ठेवलंत. एवढ्यावर चार आण्यांच्या टपालाने मिटलं असतं. पण आजोबा म्हणाले, "यादीत झाकण लिहिलेलं नाही." मग यादी शोधायला लागले. ती मिळाली नाही. आईच्या मते कुणीतरी तिची लाह्यांसाठी पुडी केली. त्यानंतर तीन दिवाळ्या आत्या माहेरी आली नाही, किंवा तिला येऊ दिलं नाही. चौथ्या भाऊबीजेला आली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. ती दारातच उंबऱ्याबाहेर थांबली, आणि आजी आतून हातात भाकरतुकडा घेऊन आली, तो ओवाळून टाकायचा विसरून तशीच उभी राहिली. झाकणाचं कुणी बोललं नाही.

बोरिवलीत याद्या झाल्या, कुंकू लावलं, सह्या झाल्या. भाचीने मोबाइलवर फोटो काढून दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. आता हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाही.

आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. झाकण आमच्याच माळ्यावर आहे. चाळ सोडताना ते डोंबिवलीला आणलं, तेव्हा बायकोने विचारलंही होतं, हे कशाचं.