कमाई नाही, तरी फॉर्म?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचा हमखास येणारा प्रश्न: "ताई, मी इथे छदामही कमावलेला नाही, मग टॅक्सचं काय करायचं?"

कर भरायचा नाही, फॉर्म मात्र भरायचा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर कमाई शून्य असली तरी फॉर्म ८८४३ पाठवायचाच, १५ जूनपर्यंत. मी विद्यार्थी आहे, माझे इथले दिवस रहिवासी ठरवताना मोजू नका, एवढंच त्यात सांगायचं असतं. ही सवलत साधारणपणे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांची. ऑगस्टमध्ये उतरलात तरी ते अख्खं वर्ष धरतात. तोवर करापुरते तुम्ही अनिवासी, आणि पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

कॅम्पसवर नोकरी लागली की सोबत फॉर्म १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं विवरणपत्रही आलं, १५ एप्रिलच्या आत. इथे रूममेटचं ऐकू नका. तो सांगतो ते फुकट सॉफ्टवेअर बहुतेक वेळा रहिवाशांचा १०४० भरतं. रिफंड भरघोस दिसतो, पण त्यातला बराचसा तुमच्या हक्काचा नसतो. मग १०४०-एक्स हे दुरुस्तीचं विवरणपत्र भरून निस्तरत बसायचं. अनेक विद्यापीठांची इंटरनॅशनल ऑफिसं अनिवासींच्या सॉफ्टवेअरचा कोड देतात, तो मागून घ्या.

आपल्या मुलांच्या हाती एक मोठी गोष्ट आहे: भारत-अमेरिका कर कराराचं कलम २१. एरवी अनिवासींना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, मिळत नाही. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना ते मिळतं. २०२५ सालासाठी एकट्या माणसाला ते १५,७५० डॉलर आहे. कॅम्पसवरच्या कामातून बहुतेकांची कमाई तिथवर पोचत नाही, म्हणजे पगारातून कापलेला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आयकर परत. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग मात्र उत्पन्नात धरायचा. ते पुष्कळजण विसरतात.

आणि पहिली पे-स्लिप आली की सोशल सिक्युरिटी (पेन्शनसाठीची कपात) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठीची) या दोन ओळी शोधा. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याच्या पे-स्लिपवर, नोकरी व्हिसाच्या नियमात बसणारी असेल, तर तिथे शून्य हवं. तासाला १५ डॉलरनं आठवड्याचे २० तास केलेत तर ३०० डॉलर होतात. त्यातून ६.२ आणि १.४५ टक्के कापले, तर दर आठवड्याला जवळजवळ २३ डॉलर गेले. परदेशात एकट्यानं घर चालवणाऱ्या मुलाला ही रक्कम लहान नाही. कापले असतील तर आधी पेरोल ऑफिसकडे मागा. नाहीच मिळाले तर फॉर्म ८४३ ला ८३१६ जोडून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर गेलात तरी, अनिवासी आहात तोवर, हाच नियम.

राज्याचा कर वेगळा. टेक्ससमध्ये पगारावर तो नाहीच. कॅलिफोर्निया हा करार मानत नाही, त्यामुळे फेडरल कर शून्य आला म्हणून तिथलं विवरणपत्र तपासायचं सोडू नका.