भरलेली गाडी आणा म्हटलं

नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडला ट्रेलरचे एअर ब्रेक दुरुस्त करतो. मागच्या आठवड्यातली एक गाडी डोक्यातून जात नाहीये.

ड्रायव्हरची तक्रार एकच. "मिस्त्री, माल भरला का मांगून लोटते बाप्पा. कुरई घाटात घोडा थांबाले पाह्यते, ट्रेलर ऐकतच नाही." घोडा म्हणजे पुढचं इंजिनवालं डोकं. त्याचे ब्रेक लायनर सहा महिन्यांत दोनदा बदलले होते. दोन गॅरेजवाल्यांनी ट्रेलर ओके दिलेला. एकाचं म्हणणं, ड्रायव्हरचा पायच जड. आमच्या लाइनीत फॉल्ट सापडला नाही की ड्रायव्हर सापडतो.

गाडी प्रत्येक वेळी रिकामी यायची, तिथंच घोळ होता. रिकाम्या ट्रेलरला हँड व्हॉल्व्ह, म्हणजे फक्त ट्रेलरचा हातब्रेक, ओढला की चाकं जागच्या जागी. भाडं बुडतं म्हणून मालक भरलेली गाडी गॅरेजला लावू देत नाहीत. मी अडून बसलो, स्टीलची कॉइल चढवूनच आणा.

आणली. एकूण वजन 50 टनांच्या वर. थोडी ब्रेक मारत फिरवली आणि उतरून ड्रमवर पाणी शिंपडलं. घोड्याच्या ड्रमवर थेंब चर्र करून उडाले. ट्रेलरच्या ड्रमवरून नुसते ओघळले, म्हणजे तिथे ब्रेक लागतच नव्हता.

घोड्यातून ट्रेलरला हवेचे दोन पाइप जातात. लाल पाइपात हवा पुरी. तो कायम भरलेलाच असतो, तुटला तर ट्रेलर आपोआप जाम होतो. पिवळ्यातून पेडलच्या दाबाची हवा जाते. तिथे गेज लावला, 6 बार. तोच गेज चाकाजवळ, हवेने ब्रेक दाबणाऱ्या ब्रेक चेंबरपाशी नेला, 2 च्या जरा वर. मधे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. तो चासीला, त्याची दांडी एक्सलला. माल पडून स्प्रिंगचे पाटे दबले की लिव्हर वर जातो आणि पुरी हवा सुटते. रिकाम्यात लिव्हर खाली, हवा कमी, नाहीतर चाकं जाम होऊन टायर एकाच जागी घासतात.

खाली सरकलो, चिखल खरवडला. दांडी गायब. लिव्हर खाली ओढून बाइंडिंग तारेने बांधलेला. 50 टन भरा नाहीतर काहीच नका भरू, व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच.

तारेला तीन पीळ, शेंडा आत दुमडलेला, हाताला लागू नये म्हणून. असं मी बांधतो. पोरांनाही मीच शिकवलंय.

मग आठवलं. पावसाळ्यात ही गाडी रिकामी आली होती, दांडी तुटलेली, टायर घासलेले, ड्रायव्हर दुसराच. दोन दिवसांत नवी दांडी टाकून घ्या, असं सांगितलं असेल मी. सांगतोच नेहमी. वही काढली. 'ब्रेक सेटिंग, 400 रुपये.' पुढे काही नाही.

नवी दांडी टाकली, चेंबरला 6 बार मिळाले. पैसे घेतले नाहीत. का, तेही बोललो नाही. काल मालकाने आणखी दोन गाड्या पाठवल्या. म्हणे, वाडीत मिस्त्री एकच.

दोन्ही रिकाम्या.