उजव्या हाताचा अमिताभ

मे महिन्यातली दुपार. गल्लीतलं कुत्रंसुद्धा रांजणाखालच्या ओलीला पोट लावून पडलेलं. मी आणि पुतण्या कूलरसमोर चटईवर आडवे. झोप अगदी पापणीपर्यंत आली होती, तेवढ्यात त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काका, हे पाहा. तुमच्या टायमाचं."

पडद्यावर एक कॅसेट, शेजारी पिवळी पेन्सिल, आणि खाली मजकूर: या दोघांचं नातं ज्याला कळलं त्याचं बालपण सोन्याचं.

नातं कसलं डोंबलाचं! आमच्या घरी एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून दोघा भावांना मिळायचे, ती कॅसेटच्या भोकात घालून फिरवायची ऐपत कोणाची होती? आम्ही पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची काडी वापरायचो. सांदवाडीत पऱ्हाटीचा ढीग पडलेलाच असायचा. बोटभर काडी मोडायची, साल थोडी सोलायची, की दातेऱ्यात अशी घट्ट बसते की हात वर करून गोफणीसारखी कॅसेट गरगर फिरवा. नव्वदच्या दशकाचा पेन्सिलीशी संबंध हे शहरातल्या लोकांनी आपसात ठरवलेलं दिसतं. मी तसं पुतण्याला बोलून दाखवलं, आणि झोप गेली ती गेलीच. कारण तो वादाला बसला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. "तुमचा काळ म्हणजे निरा चोरीचा माल हाये काका." आणि पुरावा त्याच्या बोटावर. १९९४च्या 'मोहरा'तलं 'तू चीज बडी है मस्त मस्त' लावलं, त्याच्या मागोमाग नुसरत फतेह अली खान यांचं 'दम मस्त कलंदर'. मग १९९५च्या 'याराना'तलं 'मेरा पिया घर आया', आणि परत नुसरतच. काट्यावर दोन पारडी ठेवावीत तसं.

मी काय बोलणार? त्या वयात मी नुसरतचं नावही ऐकलेलं नव्हतं. आमच्या गावाच्या हिशेबानं ते गाणं लग्नातल्या बँडवाल्याचं होतं.

पण त्याच्या मुद्द्यापेक्षा दुसरीच गोष्ट मला टोचत राहिली. हा पोरगा 'तुमचं नव्वद', 'तुमचं नव्वद' म्हणतोय, पण माझ्याकडे नव्वद होतं कुठे? दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात दशक काही कॅलेंडरवर येत नसे. ते शकुंतलेनं यायचं. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमची ती नॅरोगेज, जेमतेम पाऊणशे किलोमीटरला तिला निवांत अर्धा दिवस लागायचा. दशकालाही घाई नव्हती. म्हणजे टुरिंग टॉकीजमध्ये सत्तरचे सिनेमे, व्हीसीआरवर ऐंशीचे, आणि कॅसेटवर नव्वदची गाणी, हे सगळं आमच्याकडे एकाच वर्षी, एकाच पोत्यात भरून आलं. कोणता दाणा कोणत्या वावरातला, हे निवडत बसायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

विकलेल्या मालाचा चुकारा हाती आला त्या वर्षी घरी टेपरेकॉर्डर आला. त्याच्याबरोबर आलेल्या कॅसेटींत एक 'रफी की यादें' होती. गाणी रफीची, आवाज सोनू निगमचा. टी-सीरीजच्या गुलशनकुमारांनी तेव्हा स्वस्त कॅसेटींचा पूर आणला होता. जुन्या गाण्यांच्या मूळ रेकॉर्डचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून तीच गाणी नव्या गळ्यातून गाऊन घ्यायची अशी ती युक्ती. आम्हाला याचा काय पत्ता! मी कितीतरी वर्षं सोनू निगमलाच रफी समजून डोळे मिटून डोलत होतो. पुढे अमरावतीला होस्टेलवर कोणीतरी खरा रफी लावला, तेव्हा मनात आलं, हाही पोरगा बरा गातो, नक्कल चांगली साधली आहे.

तालुक्याच्या गावी गाणी भरून देणारा एक दुकानदार होता. वहीच्या पानावर यादी न्यायची, कोरी कॅसेट न्यायची, आठ दिवसांनी आणायला जायचं. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस. तिसाव्या मिनिटाला गाणं कुठेही असो, खटकन तुटायचं. माझ्या आवडत्या एका गाण्याचं शेवटचं कडवं मी परवापरवापर्यंत ऐकलेलं नव्हतं. मोबाइलवर पूर्ण ऐकलं तर ते कडवं कोणीतरी मागाहून चिकटवल्यासारखं वाटलं. अजूनही गुणगुणतो तेव्हा तिथेच थांबतो. बायको विचारते, पुढे? पुढे काही नाही. पुढे खटका.

सिनेमाची कथा तर याहून ऐकण्यासारखी. सिनेमाच्या धंद्यात आमच्या मुलखाचं नाव आजही 'सी. पी. बेरार' आहे. तो प्रांत १९५० साली कागदावरून गेला. त्यानंतर आमचं गाव जागचं न हलता मध्य प्रदेशात राहून आलं, १९५६ला मुंबई राज्यात गेलं, १९६०ला महाराष्ट्रात आलं. पण कोणत्या सिनेमानं कुठे किती गल्ला जमवला हे मांडणाऱ्यांनी आम्हाला सी. पी. बेरारमधून काही सोडलं नाही. तर या सी. पी. बेरारमध्ये सिनेमा आधी मोठ्या शहरांत चालायचा, मग तालुक्याला, मग बहिरमच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूत, आणि पार झिजल्यावर आमच्या गावात. पट्टीवर इतके ओरखडे की सगळ्या सिनेमाभर भुरभुर पाऊस. मी लहानपणी धरून चाललो होतो की मुंबईत बाराही महिने पाऊस असतो आणि लोक त्याला इतके सरावलेत की छत्री घेत नाहीत. मधलं एखादं रीळ गायब असायचं. नायिका आत्ता बागेत गात होती आणि आत्ता तिच्या मांडीवर लेकरू. कोणी तक्रार केली नाही. संसारात होतंच असं.

गावात पडद्यावरचा सिनेमा शारदादेवीच्या दिवसांत यायचा. वर्गणी जमवून अमरावतीहून मशीन आणायचे. मशीन मारुतीच्या पारावर, आणि पडदा चावडीजवळच्या निंबाला आणि समोरच्या विजेच्या खांबाला बांधलेला. पाराकडची बाजू ही समोरची. सरपंच, गुरुजी, आजोबा, आमचा दादा, सगळे तिकडे सतरंज्यांवर. पडद्याच्या पाठीमागे नाल्यापर्यंत मोकळी जागा, आणि नाल्याला लागून माझ्या मित्राचा पुरा, म्हणजे त्यांची वस्ती. मी तिकडे सटकायचो. पाराकडे आजोबांच्या टप्प्यात बसलं की पाय लांब करायची चोरी. नाल्याकडे गार रेती, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि मित्र.

पडदा साधं पांढरं कापड. उजेड आरपार येतो, चित्र मागूनही तेवढंच छान दिसतं. फक्त उलटं. पाट्या वाचता येत नाहीत, आणि त्या तशाही आम्हाला वाचायच्या नव्हत्या. आम्हाला दिसायचं ते असं: मुंबईत मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात. माणसं उजव्या हातात घड्याळ बांधतात आणि डाव्या हातानं जेवतात. पोलीस डाव्या हातानं सलाम ठोकतो. मित्र आणि मी या गोष्टीवर बराच विचार करून अशा निर्णयाला आलो होतो की शहर म्हटलं की असंच असणार. नवरदेव डाव्या हातानं मंगळसूत्र धरायला लागला तेव्हा मात्र एक म्हातारी मागून ओरडली, "अशुभ हाये रे बाप्पा!"

या सगळ्या डावखुऱ्या मुलखात एकच माणूस आमच्यासारखा. अमिताभ. तो सही उजव्या हातानं करायचा, पिस्तूल उजव्या हातात धरायचा. म्हणूनच तो हीरो आणि बाकीचे किरकोळ, हे आमच्या लगेच ध्यानात आलं. जगात काय चाललंय याची पर्वा न करता जो उजव्या हातानं जेवतो, त्याला भ्यायचं काय कारण?

दुसऱ्या दिवशी शाळेत यावरून रण माजलं. अर्धा वर्ग म्हणे अमिताभ डावखुरा, अर्धा म्हणे उजवा. शपथा झाल्या. आईची, विद्येची, एकानं तर बैलाची घेतली. शेवटी गुरुजी म्हणाले, "अमिताभ बच्चन डावखुरा आहे. बसा खाली." आम्ही खाली बसलो, पण मानलं नाही. गुरुजी पाराकडे बसले होते, त्यांना काय दिसणार?

अशा रात्री घरी पोचायला अकरा वाजायचे. आजी दारात वाट पाहत उभी. मला अंगणातच थांबवायची आणि गडवाभर पाणी डोक्यावरून ओतायची, मग आत घ्यायची. शारदादेवीच्या दिवसांतली रात्र, अंगावर काटा यायचा. पण रेतीत लोळून आलेलं पोर, धुळीनं भरलेलं, दुसरं काय करणार ती?

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. "चला तुमच्या दोस्तालेच इचारू," म्हणाला. ऊन उतरल्यावर आम्ही फाट्यावरच्या पानठेल्यावर गेलो.

मित्र तिथे बसलेलाच असतो. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, बापाकडून आलेली विद्या. पूर्वी मे महिन्यात त्याला शिंकायला सवड नसायची. आता वऱ्हाडासमोर डीजेची गाडी असते आणि बँडला हळदीपुरतं नाहीतर देवदर्शनापुरतं बोलावतात. लाल कोट घरी खुंटीला. त्याच्यापुढे पुतण्यानं चोरीचा सगळा मुद्देमाल परत मांडला. मित्रानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता ऐकून घेतलं.

"आमी तं साऱ्यायचेच गाणे चोरतो बाबू. आमाले कोणी इचारलं का कधी? गाणं वाजवाले बसलं की समजते. १९९०चे ते 'आशिकी'चे गाणे होते, त्या गाण्यायत दम घ्याले जागा होती. एक ओळ वाजवा, थांबा, लोकायकडे पाहा, दुसरी वाजवा. बोल नसले तरी बुढीले समजे कोणतं गाणं हाये. आताच्या गाण्यातून बोल काढले तर ढोलकंच उरते. ते मी पिपाणीवर कुठून आणू?"

पुतण्या म्हणाला, सगळी तशी नाहीत. मित्र म्हणाला, नसतील. तेव्हाचीही सगळी तशी नव्हती, भंगार बक्कळ होतं, पण भंगार वाजवायचेही पैसे मिळत होते. कलेचा दर्जा मोजायचं याहून सरळ माप मी तरी ऐकलेलं नाही. समीक्षकांनी एकदा हळदीच्या मांडवात क्लॅरिनेट घेऊन उभं राहून पाहावं.

मग अमिताभचा विषय निघाला. मित्राचा चेहरा उजळला. "उजवाच होता," तो म्हणाला. पन्नाशी जवळ आली तरी ठाम. पुतण्या लग्नांचे व्हिडिओ जोडण्याची कामं करतो. त्यानं मोबाइलवर अमिताभच्या एका जुन्या सिनेमाचा तुकडा काढला, एक बटण दाबलं आणि चित्र आरशात धरल्यासारखं फिरवलं. अमिताभनं उजव्या हातानं ठोसा मारला. त्याच्यामागून एक मोटार रस्त्याच्या उजवीकडून निघून गेली.

"हां," मित्र म्हणाला. "हा खरा."

आम्ही तिघांनी ते चार-पाच वेळा पाहिलं. पानठेलेवालाही वाकून पाहून गेला. मला फार बरं वाटत होतं. रेतीचा वास येतो की काय असं वाटलं.

"आपण मागून पाह्यचो ना, म्हणून," मी हसत म्हणालो.

मित्रानं मोबाइल पुतण्याच्या हातात दिला. "तू यायचा मागून पाह्याले," तो म्हणाला. "आमच्या घराइकून तेच समोर होतं."

रागानं नाही. पत्ता सांगावा तसं. मग खर्रा तोंडात टाकला आणि पावसाचं विचारायला लागला.

रात्री अंगणात खाट टाकून पडलो. लाईन गेलेली, कूलर बंद, आभाळ स्वच्छ. शाळेतला तो दोन बाजूंना वाटला गेलेला वर्ग आठवून पाहिला. कोण डावखुरा म्हणत होतं आणि कोण उजवा, एकेक तोंड आठवलं. उजवा म्हणणाऱ्यांत पाराकडच्या घरातला मी एकटा.

मग आजीचा गडवा आठवला. धूळ असते म्हणून, असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. ते माझं मीच धरून चाललो होतो. धूळ पाराकडेही तेवढीच असायची. दादा तिकडे बसून माझ्याआधी घरी यायचा, आणि त्याच्या अंगावर तिनं एकदाही पाणी ओतलं नव्हतं.