तरसाच्या विष्ठेत सापडलेलं रान

जिब्राल्टरमध्ये पायी शिरायचं तर विमानतळाची धावपट्टी ओलांडून जाता येतं. विमान येणार असलं की रेल्वे फाटकासारखं ताटकळत उभं राहायचं. तेवढ्यात कड्याच्या माथ्यावर लेव्हँटरचा ढग येऊन बसला. पूर्वेचा वारा सुटला की इथे हे ठरलेलंच. बाकी मंडळी वर माकडं बघायला गेली. आम्ही दोघं गोरहॅमच्या गुहेकडे.

आत सहजासहजी सोडत नाहीत, रस्त्यालगतच्या सज्जातून बघायचं. खाली समुद्राला लागून चार गुहा, २०१६ पासून जागतिक वारसा. एकीचं नावच तरस गुहा! मी आलो होतो तेही तरसापायीच.

निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतली माणसं, इथे राहायची तेव्हा बाहेर काय उगवत होतं, हे कळलं ते तरस-लांडग्यांच्या वाळक्या विष्ठेतून. गुहेतल्या मातीत परागकण बरेचदा सडून जातात. तरस मात्र हाडंसुद्धा कडाकडा फोडून खातो, त्यामुळे त्याचं लेंडूक पांढरंफेक आणि टणक. सासवडच्या माळावर एकदा उचलून पाहिलं होतं, अगदी खडूचा तुकडा. (आपला तरस पट्टेवाला, इथला ठिपकेवाला.) शिकारीच्या पोटातला चारा, कातडीवरची धूळ, प्यायलेलं पाणी, सगळ्यांतला पराग त्यात कोंडला जातो. शिवाय हे जनावर रात्रभर भटकतं, म्हणजे एका लेंडकात अख्ख्या परिसराचा नमुना!

परागकणांचे अभ्यासक होसे कारिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली त्यातलं चित्र मांडलं. नमुना आम्लात विरघळवायचा, उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. पाइनचा कण लगेच ओळखू येतो: दोन बाजूंना दोन हवेचे फुगे, हुबेहूब मिकी माऊसचे कान. पण तो वाऱ्यावर लांबवर उडतो, म्हणून कण ढीगभर दिसले तरी गर्द वन धरायचं नसतं. इथे निघालं ते विरळ रान: छत्रीसारखे पाइन, ओक, जुनिपर, रानऑलिव्ह, मधूनमधून गवत. तेही हिमयुगात उत्तर युरोप गारठलेला असताना!

"लेंडकंच बघायची होती तर सासवड काय वाईट होतं?" बायको म्हणाली.

मी समोर बोट दाखवलं. निअँडरथलांच्या काळी समुद्राची पातळी खाली होती, किनारा काही काळ चारेक किलोमीटर लांब. आता तिथे दोन मालवाहू जहाजं नांगरून उभी होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"म्हणजे झाडं तिथपर्यंत?"

"जहाजांच्या खाली."