काम गेलं तेव्हा स्विंडनच्या चर्चने काय केलं

गावाहून फोन आला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, तुमचं काय बाबा, काम गेलं तरी तिथलं सरकार पोसतंय. पोसतंय हे अर्धंच खरं. इथे ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्त्याचा प्रकार आहे, पण अर्ज केल्यावर पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे जातात, मधे अॅडव्हान्स उचलला तर तो पुढच्या पैशांतून कापून घेतात, आणि सगळं ऑनलाइन. त्यात आमच्यासारखे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आणि इथे पाच वर्षं पूर्ण न झालेले, म्हणजे प्री-सेटल्डवाले (राहायची तात्पुरती परवानगी असलेले), त्यांना नुसतं स्टेटस दाखवून भागत नाही, तुम्ही इथे खरंच काम करत होता हे पेस्लिप लावून सिद्ध करावं लागतं. २०२० मध्ये आमच्या ह्यांचं काम गेलं तेव्हा यातली एकही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, आणि ती नीट समजावली ती जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये बसणाऱ्या एका रिटायर्ड बाईने.

आधी थोडं मागचं. आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, ह्यांचा खाणीवर टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, होता. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा कसंबसं निभावलं, परत सुरू झाल्यावर लोन काढून दुसरा टिप्पर घेतला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली, मार्चच्या मध्यापासून खाणी ठप्प. दारात उभा टिप्पर आणि बँकेचा हप्ता चालूच, हे आमच्या भागातल्या निम्म्या घरांनी बघितलंय त्यामुळे जास्त लिहीत नाही. सासरे १९६१ च्या आधीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगालमध्ये जन्म नोंद करून तिथला पासपोर्ट काढायचा मार्ग होता, तो आम्ही धरला आणि स्विंडनला आलो. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने तासाभरावर आहे हे शहर. इथे गोंयकार इतके की बसमध्ये कुणाबद्दल वाईट बोलायची सोय नाही. जास्त करून सासष्टी-बार्देशचे कॅथलिक, पण डिचोली, फोंडा, पेडण्याचे आमच्यासारखे हिंदूही आहेत, घरात कोकणी बोलणारे आणि वाचायला मात्र मराठी लागणारे.

ह्यांना एजन्सीमार्फत गाड्यांच्या पार्ट्सच्या वेअरहाऊसमध्ये काम मिळालं होतं. इथलं होंडाचं मोठं प्लांट २०२१ ला बंद होणार हे २०१९ च्या फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं, म्हणजे धाकधूक आधीपासून होतीच, वर कोविड आला. सरकारने फर्लो काढला, घरी बसा आम्ही पगाराचे ८० टक्के देतो असा, पण तो मालकाने अर्ज केला तर. ह्यांच्या एजन्सीने केला नाही. मोबाईलवर मेसेज आला की पुढच्या आठवड्यापासून शिफ्ट नाही, बस.

आमच्या मजल्यावर मडगावकडचे एक अंकल राहतात, ते म्हणाले गुरुवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये या, तिथे काम शोधणाऱ्यांना मदत करतात. हे तयार होईनात. आपण त्यांच्यातले नाही, उगीच कशाला. मी म्हटलं, आपल्या शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, सख्ख्या बहिणी, फेस्ताला एकमेकींकडे तेल नि फुलं जातात, आणि तुम्हाला इथे मावशीच्या घरी जायला लाज वाटते? गेले मग, तोंड पाडून.

हॉल म्हणजे आपल्याकडे देवळाच्या बाजूला असतो तसाच, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पियानोवर चादर घातलेली. कोविडमुळे खुर्च्या लांब लांब, खिडक्या सताड उघड्या, सगळे जॅकेट घालून नि मास्क लावून बसलेले. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर. हा प्रिंटर फार मोठी गोष्ट आहे बरं का, कारण लायब्ररी बंद होती आणि ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे त्याने दहा पानी फॉर्म भरायचा कसा? फादर सुरवातीला एक छोटी प्रार्थना म्हणायचे, नको असेल त्याने बाहेर थांबलं तरी कोण काही बोलत नव्हतं. येणारेही सगळे कॅथलिक नव्हते, पोलिश होते, एक नेपाळी जोडपं होतं, इथलेच गोरेही होते. हॉटेलात काम करणारे सगळ्यात जास्त.

तर ती रिटायर्ड बाई. आयुष्यभर कुठल्यातरी कंपनीत एचआरमध्ये होती. तिने ह्यांचा बायोडेटा बघितला, आपला नेहमीचा, फोटो चिकटवलेला, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. तिने शांतपणे एकेक ओळ खोडली. इथे यातलं काहीच विचारायचं नसतं. खोडून झाल्यावर पानावर उरलं काय तर नाव, पत्ता आणि 'ड्रायव्हर'. मग तिने विचारायला सुरवात केली, टिप्पर किती टनाचा, पावसात घाटीवरून कसा उतरवायचा, ब्रेक कोण तपासायचं, शिफ्ट कितीची, कधी अपघात झाला का. हे आधी हो-नाही करत होते, मग एकदम बोलायलाच लागले, मीच मधे मधे इंग्लिश पुरवत होते आणि ती लिहीत होती. तासाभरात दीड पान भरलं. बरीच वर्षं जड वाहन चालवलं, एकही अपघात नाही, स्वतःचा धंदा, स्वतःचे हिशेब. घरी येऊन हे तो कागद परत परत वाचत होते, स्वतःबद्दल.

इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस मात्र धमाल. इथे विचारतात, तुम्ही एखादी अडचण कशी सोडवली त्याचं उदाहरण द्या. आपली माणसं 'आम्ही केलं, सगळ्यांनी मिळून केलं' म्हणतात, कारण मी केलं म्हणणं म्हणजे शेखी मिरवणं, लहानपणापासून तसंच शिकवलेलं. ती बाई टेबलावर पेन आपटायची आणि म्हणायची, आम्ही कोण? मला तुम्हाला नोकरी द्यायचीय, गावाला नाही.

सगळंच छान होतं असं नाही. मधेच कुणीतरी पाहुणा यायचा आणि सकारात्मक विचारांवर बोलून जायचा, ज्याचं भाडं थकलंय त्याला हे ऐकवणं म्हणजे वेळेचा खून. दुपारची वेळही चुकीची, नाईट शिफ्ट मिळालेल्यांना येताच येत नव्हतं. आणि गोंयकारांच्या ओळखीने मिळणारं काम परत वेअरहाऊसचंच, एकाने दुसऱ्याला ओढायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, ती एक कंपनी बसली की अख्खी गल्ली घरी. त्या बाईचा यावरून अंकलशी वादच व्हायचा, ती म्हणायची या लोकांना दुसऱ्या कामांकडे पाठवा, अंकल म्हणायचे आधी चूल पेटू दे. माझ्या मते दोघंही बरोबर होते.

फूडबँकची चिठ्ठीही तिथेच मिळायची. इथे फूडबँकमध्ये सहसा असंच जाऊन उभं राहता येत नाही, कुणीतरी रेफर करावं लागतं, मग साधारण तीन दिवसांचं खाण्याचं सामान फुकट देतात. आम्ही एकदा घेतलं. डबाबंद राजम्याची उसळ केली, चालली. त्याबद्दल गावी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मला खरं आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. काही आठवड्यांनी ह्यांनाच टेबलावर बसवलं. पेडण्याचा एक मुलगा आला होता, गोव्यात बार्जवर (मालवाहू बोटीवर) काम केलेला, त्याचीही तीच गत, सीव्हीवर 'हेल्पर' एवढा एकच शब्द. हे त्याला विचारत बसले, बार्ज किती टनाची, रात्रीची चालवायचास का, इंजिन कोण बघायचं. ज्या माणसाला मी ढकलत हॉलमध्ये नेलं होतं तो आता गुरुवारी माझ्या आधी तयार.

आणि मग मला आमचं डिचोली आठवतं नि थोडा रागही येतो. २०१८ ला खाणी बंद झाल्यावर आमच्याकडे काय नव्हतं? देवळाचा हॉल होता, समिती होती, भजनी मंडळ होतं, रिटायर झालेले मास्तर, बँक मॅनेजर ढिगाने होते. मोर्चे निघाले, पणजीला जाऊन बसलो, ते हवंच होतं. पण सप्त्याची वर्गणी जमवायला घरोघर फिरणाऱ्या आमच्या माणसांना हे सुचलं नाही की आठवड्यातून एक दुपार हॉल उघडावा, टिप्परवाल्याचा, फिटरचा अर्ज लिहून द्यावा, बँकेला काय कळवायचं ते सांगावं. यात पैसा लागत नाही हो, प्रिंटरची शाई सोडली तर. आता तरी कुणी करायला घेतलं तर सीव्हीचा नमुना मी पाठवते.

ह्यांना शेवटी हॉस्पिटलात पोर्टरचं काम लागलं, म्हणजे पेशंटचे बेड, व्हीलचेअर इकडून तिकडे न्यायचे. इंटरव्ह्यू चांगला झाला, घोडं अडलं रेफरन्सवर. मागच्या तीन वर्षांचा हिशेब मागतात, कुठे होता, कोण सांगेल. गोव्यातल्या ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे टिप्पर लावला होता त्याचं ऑफिसच बंद, ईमेल परत आला. शेवटी जुन्या पेमेंटची बँक स्टेटमेंटं आणि फादरनी ओळख देणारं लिहून दिलेलं पत्र यावर निभावलं. म्हणून पोर्तुगाल किंवा आयर्लंडच्या तयारीत असलेल्यांना सांगते (इकडे २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने थेट येऊन काम करता येत नाही, व्हिसा लागतो), जिथे काम करताय तिथून आजच लेटरहेडवर पत्र घ्या, तारखा, कामाचं स्वरूप, सही-शिक्का आणि चालू असलेला ईमेल. कंपनी चालू आहे तोपर्यंतच ते मिळतं.