यूएलएफ जोडणी: लंबवर्तुळ आयनांबराचं की कॉइलचं?

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या अतिमंद (यूएलएफ) लहरी टिपणाऱ्या, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन इंडक्शन कॉइलची जोडणी आता ०.२ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यात स्थिर चालते आहे. म्हणून या टप्प्यात नुसती तीव्रता न बघता ध्रुवण मोजायला घेतलं आहे. लहरीच्या चुंबकीय क्षेत्राचं टोक आडव्या पातळीत कोणतं लंबवर्तुळ काढतं, त्याचा मोठा अक्ष कुठे वळलेला आहे आणि ते कोणत्या बाजूने फिरतं, एवढं हवं आहे. हे आकडे थेट अवकाशातले समजून वाचायचे नाहीत, कारण मध्ये आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषेवरून खाली येणारी आल्फवेन लहर (क्षेत्ररेषा तारेसारखी थरथरते ती) आयनांबराच्या ११०-१२० किमी उंचीवरच्या ई थरात दोन प्रवाह चालवते: विद्युतक्षेत्राच्या दिशेने पेडरसन प्रवाह आणि त्याला काटकोनात हॉल प्रवाह. पेडरसन प्रवाह आणि क्षेत्ररेषांवरचा प्रवाह यांची चुंबकीय क्षेत्रं जमिनीवर जवळजवळ एकमेकांना खोडतात, आणि खाली पोहोचतं ते हॉल प्रवाहाचं क्षेत्र. म्हणून लंबवर्तुळाचा अक्ष ९० अंशांनी वळलेला दिसतो. ह्यूज आणि साउथवुड यांनी १९७६ मध्ये याचं सविस्तर गणित मांडलं. उच्च अक्षांशांवर अवकाशात पूर्व-पश्चिम डोलणारी पीसी-५ स्पंदनं (पीसी म्हणजे सलग चालणारी चुंबकीय स्पंदनं; आकडा जितका मोठा तितकी ती संथ) जमिनीवर उत्तर-दक्षिण घटकात ठळक दिसतात, ती याच कारणाने.

आयनांबर बारीक रचनाही पुसून टाकतं. ई थर ११० किमीवर धरला, तर आडवी तरंगलांबी १००० किमी असलेल्या लहरीचा निम्मा भाग जमिनीवर उरतो, २०० किमीवाल्या लहरीचा जेमतेम ३ टक्के. त्यामुळे वर शेजारी-शेजारी असलेली दोन वेगळी लंबवर्तुळं खाली एकाच सरासरी आकृतीत मिसळतात.

महाराष्ट्रातून नोंदी घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ९० अंशांचा नियम क्षेत्ररेषा जवळजवळ उभी धरून निघाला आहे. अलिबागला चुंबकीय नती, म्हणजे क्षेत्ररेषेचा आडव्या पातळीशी कोन, ३० अंशांहूनही कमी आहे आणि इथली दिवसाची पीसी-३ स्पंदनं बरीचशी संपीडन लहरींमधून (क्षेत्र दाबत-सैलावत जाणाऱ्या) येतात. त्यांचा अक्ष ९० अंशांनी उलटा वळवून 'मूळ दिशा' काढणं साफ चूक आहे.

पीसी-१ चं प्रकरण आणखी रंजक. उगमापाशी ती डावी फिरणारी आयन-सायक्लोट्रॉन लहर (आयन क्षेत्ररेषेभोवती फिरतात त्याच बाजूने फिरणारी) असते. उच्च अक्षांशांवर आयनांबरात उतरल्यावर तिचा काही भाग एफ-२ या आयनांबराच्या सर्वांत दाट थराभोवतीच्या नलिकेत अडकतो आणि विषुववृत्ताकडे हजारो किलोमीटर आडवा प्रवास करतो. या वाटेवर ध्रुवण रेषीय किंवा उजवं होऊ शकतं. दिवसा नलिकेत क्षय जास्त, म्हणून आपल्या अक्षांशांवर शोध रात्री आणि पहाटे घ्यावा. डावं-उजवं ठरवताना व्याख्याही लिहून ठेवा: उत्तर गोलार्धात वरून खाली बघताना घड्याळाच्या उलट फिरणारं ते डावं. एका कॉइलच्या तारा उलट जोडल्या गेल्या की सगळी डावी लंबवर्तुळं उजवी होतात, आणि वर्णपटात त्याचा मागमूसही लागत नाही.

आता जोडणीचे तपशील. गाभा १ मीटर लांब, २ सेमी जाड. पदार्थाची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र एकवटण्याची क्षमता) २००० असली, तरी विचुंबकनामुळे, म्हणजे दांड्याच्या टोकांच्या उलट क्षेत्रामुळे, हाती लागते सुमारे ५००. रेडिओच्या अँटेनाचे फेराइट दांडे टाळा, त्यातल्या बऱ्याच दांड्यांची पारगम्यता १२५ च्या आसपास असते. ०.१ मिमी तारेचे ५०,००० वेढे घेतले की १ हर्ट्झला १ पिकोटेस्लामागे साधारण ४९ नॅनोव्होल्ट मिळतात. रोध १० किलोओहमच्या घरात जातो, त्याचा औष्णिक गोंगाट १३ नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ, म्हणजे पाव पिकोटेस्ला. प्रवर्धकाच्या पहिल्या टप्प्याला चॉपर ऑप-अँप (मंद फ्रिक्वेन्सीला कमी गोंगाट करणारा) हवा. व्होल्टेज-गोंगाट कमी पण करंट-गोंगाट जास्त असलेला ऑप-अँप या रोधावर निरुपयोगी ठरतो.

खरा घात फेज करतो. दोन चॅनेलमध्ये १० अंशांचा फरक असेल, तर ४५ अंशांवरची शुद्ध रेषीय लहर ०.०८७ लंबवर्तुळतेची (छोटा अक्ष भागिले मोठा अक्ष) दिसते. एडीसी (संकेताचे आकडे करणारी चिप) दोन्ही चॅनेल आळीपाळीने वाचत असेल आणि मधलं अंतर १० मिलिसेकंद असेल, तर २ हर्ट्झलाच ७.२ अंश गेले. एकाच क्षणी नमुने घेणारा एडीसी वापरा. मग दोन्ही कॉइल तीनेक मीटर अंतरावर समांतर ठेवून रात्रभर नोंद घ्या. शुमान अनुनादापाशी (जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीचा अनुनाद), ७.८ हर्ट्झला, फेज-फरक शून्य यायला हवा. उरलेला फरक फ्रिक्वेन्सीनुसार तक्त्यात भरून नंतर वजा करा. ही चाचणी वगळून मोजलेल्या ध्रुवणावर विश्वास ठेवू नये.

वाऱ्याचा त्रास एका बाजूनेच जास्त का होतो, तेही पाहा. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लाच्या वर आहे. पूर्व-पश्चिम कॉइल आडव्या पातळीत एक मायक्रोरेडियनने हलली तरी जवळपास ४० पिकोटेस्लाचा खोटा संकेत येतो. उत्तर-दक्षिण कॉइलला त्याच हालचालीचं जवळजवळ काहीच जाणवत नाही. म्हणजे झाडांची सळसळ 'पूर्व-पश्चिम रेषीय ध्रुवण' म्हणून नोंदली जाते. कॉइल पीव्हीसी पाइपात बंद करून अर्धा मीटर पुरा आणि पाइपाभोवतीची माती ठोकून बसवा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की पाइप तरंगू पाहतो, तेव्हा चर उताराच्या बाजूला काढा. होकायंत्र गाभ्याजवळ धरून दिशा लावू नये, गाभाच सुई ओढतो.

विश्लेषणात ३२ नमुने प्रति सेकंद, ६४ सेकंदांचे खंड, निम्मा ओव्हरलॅप. क्रॉस-स्पेक्ट्रमची (दोन चॅनेलच्या एकत्रित वर्णपटाची) सरासरी घेतल्याशिवाय ध्रुवणांश, म्हणजे संकेताचा किती भाग ध्रुवित आहे ते, काढू नका: एकाच खंडावर तो नेहमी १ येतो, मग संकेत असो वा निव्वळ गोंगाट. सरासरीनंतर ०.७ च्या वरचेच बिंदू ठेवले आहेत.

पुढचं काम आयनांबरीय आल्फवेन अनुनादकाचं, म्हणजे आयनांबराच्या वरच्या भागात आल्फवेन लहरी अडकून घुमतात त्या पोकळीचं. रात्री ०.५ ते ५ हर्ट्झमध्ये लंबवर्तुळता फ्रिक्वेन्सीबरोबर वरखाली होते आणि हे पट्टे तीव्रतेपेक्षा ध्रुवणात अधिक स्पष्ट दिसू शकतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर ढोबळमानाने एफ-२ थराच्या क्रांतिक फ्रिक्वेन्सीच्या (सरळ वर पाठवलेली रेडिओ लहर ज्या कमाल फ्रिक्वेन्सीपर्यंत परत येते तिच्या) व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे सूर्यास्तानंतर थर विरळ होत जाईल तसे पट्टे रुंदावायला हवेत. ते अंतर दर अर्ध्या तासाने मोजून आयनोसोंडच्या (आयनांबर मोजणाऱ्या रडारच्या) आकड्यांशेजारी मांडायचं आहे. पट्टे रात्रभर एकाच अंतरावर राहिले, तर आधी समांतर-कॉइल चाचणी पुन्हा करावी.